इंजिन न उतरवता व्हॉल्व्हच्या स्प्रिंग आणि सील बदलणे : कोणती हत्यारे घ्यावीत?

पेण आणि रोहा तालुक्यांत पॉवर टिलर असो वा ट्रॅक्टर, त्याचे वर्षाचे खरे काम मोजक्या आठवड्यांत होते. जूनमध्ये उखळणी, जुलैमध्ये चिखलणी आणि डोलवहाल बंधाऱ्याच्या कालव्याचे पाणी मिळणाऱ्या गावांत उन्हाळी भातासाठी पुन्हा एकदा चिखलणी. भातानंतरचा वाल जमिनीतल्या ओलाव्यावर येतो, त्याला यंत्र फारसे लागत नाही. बाकीचे महिने यंत्र पडवीत किंवा ताडपत्रीखाली उभे असते. ३००० मि.मी.च्या आसपास पडणारा पाऊस, दमट हवा आणि खारेपाटात त्यात मिसळलेला खाडीचा खारा वारा हे सगळे सायलेन्सरच्या उघड्या तोंडातून इंजिनात उतरते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर गंज धरतो, टॅपेट कव्हरखाली ओलावा साचून स्प्रिंगला डाग पडतात आणि अशी डाग पडलेली स्प्रिंग नेमकी चिखलणीत, पूर्ण लोडवर असताना तुटते.

त्या वेळी यंत्र आठ दिवस बंद राहिले तर नुकसान दुरुस्तीच्या बिलापुरते राहत नाही. साधारण २१ ते २५ दिवसांचे रोप लावणीला चांगले. त्याहून जुने झाले की फुटवे कमी येतात. म्हणून हेड न खोलता एका दिवसात स्प्रिंग आणि सील बदलता आले, तर ते शिकण्यासारखे आहे. मात्र बाजारात व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबण्याचे हत्यार म्हणून जे सहज हातात दिले जाते, ते बहुतेक वेळा या कामाला चालतच नाही. म्हणून आधी हत्यारांविषयी.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

सील खराब झाल्याची खूण म्हणजे निळा धूर. पण निळा धूर पिस्टन रिंग झिजल्यावरही येतो. फरक वेळेवरून ओळखावा. रात्रभर उभे असलेले इंजिन सकाळी चालू केल्यावर निळा धूर येतो आणि थोड्या वेळात कमी होतो, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर धुराचा झोत येतो, तर तेल व्हॉल्व्ह गाईडमधून खाली उतरत असण्याची शक्यता जास्त. लोडवर सतत निळा धूर आणि ब्रीदरमधून जोरात वाफ येत असेल, तर रिंग किंवा लायनर पाहावे लागेल. तिथे नवे सील घालून काही होणार नाही. काळा धूर हा वेगळा विषय आहे. त्यासाठी आधी एअर क्लीनर साफ करा.

स्प्रिंग तुटली असेल तर धुराआधी आवाज येतो. टॅपेट कव्हरमधून टकटक ऐकू येते, इंजिन एक ठोका चुकवते, कधी एअर क्लीनरच्या नळीतून फटफट असा उलटा आवाज येतो. कव्हर उघडल्यावर तुटलेली स्प्रिंग बहुधा डोळ्यांना दिसते. तुकडे जागच्या जागी अडकलेले असले, तर स्क्रू ड्रायव्हरने हलवून पाहिल्यावर कळते.

यापुढची तपासणी महत्त्वाची आहे, आणि तिच्यासाठी लागणारे साधन तुमच्या यादीत सर्वांत वर असावे असे आमचे मत आहे. नोझल काढून त्या जागी हवेची नळी जोडता येईल असा जोड बसवायचा. ज्या सिलिंडरची तपासणी करायची त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्थितीत आणायचा आणि ३० ते ४० पौंड दाबाची हवा आत सोडायची. मग कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. एअर क्लीनरच्या बाजूने येत असेल तर इनलेट. तेल भरण्याच्या तोंडातून थोडी हवा येणारच, पण जोरात आली तर रिंग संपल्या. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट फुटले आहे किंवा हेडला तडा आहे.

पहिल्या दोन स्थितींत व्हॉल्व्ह आणि त्याची सीट घासून बसवावी लागते, आणि त्यासाठी हेड उतरवण्यावाचून इलाज नाही. शेवटच्या स्थितीतही तेच. रिंगा गेल्या असतील तर पिस्टनच बाहेर काढावा लागतो. म्हणजे हेड जागेवर ठेवून करायचे काम फक्त त्या इंजिनाला लागू पडते, ज्याचे व्हॉल्व्ह नीट बसतात आणि दोष केवळ सीलमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये आहे. ही खात्री न करता हत्यारे विकत घेतली, तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात.

कोणत्या इंजिनात हेड जागेवर ठेवावे?

व्हॉल्व्हच्या कामासाठी ट्रॅक्टरचे इंजिन उतरवावे लागत नाही, हे आधी लक्षात घ्या. कोणी तसे सांगत असेल तर कारण विचारा. खरा प्रश्न हेड उतरवायचे की नाही एवढाच असतो.

तीन किंवा चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरमध्ये हेड जागेवर ठेवण्याचा फायदा मोठा. हेड जड असते, ते उचलायला दोन माणसे लागतात, पाणी काढावे लागते, मॅनिफोल्ड आणि नळ्या सोडवाव्या लागतात, गॅस्केट नवे घ्यावे लागते आणि शेवटी बोल्ट ठरलेल्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळावे लागतात. मात्र काही इंजिनांत रॉकर शाफ्टच्या खांबांचे बोल्ट हेच हेडचेही बोल्ट असतात. ते ढिले केले की हेडवरचा दाब जातो आणि जुने गॅस्केट पुन्हा तसेच बसेल याची खात्री राहत नाही. रॉकर शाफ्ट सोडण्यापूर्वी मॅन्युअलमध्ये हे पाहा, किंवा बोल्टची लांबी आणि जाडी बाजूच्या हेड बोल्टशी ताडून पाहा. बोल्ट एकच असतील तर सरळ हेड उतरवा.

पॉवर टिलरचे गणित उलटे आहे. आपल्याकडे व्हीएसटी शक्ती, कॅमको अशा टिलरमध्ये एकच सिलिंडर असतो आणि तोही आडवा. हेड छोटे, नट मोजके, गॅस्केट लहान. हेड काढून टेबलावर घेतले की व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी हातात येतो, सीट पाहता येते, काजळी काढता येते आणि घासणीही होते. आडव्या इंजिनावर हेड न काढता काम करायला गेलात तर वाकून, एका हाताने स्प्रिंग दाबून, दुसऱ्या हाताने कॉटर पकडण्याची कसरत होते आणि सुटलेला कॉटर चिखलात जातो. टिलरसाठी आमचा सल्ला हेड काढण्याचाच आहे. अपवाद एकच: इंजिनाचे तास कमी आहेत, हवेच्या तपासणीत व्हॉल्व्ह चांगले आहेत आणि फक्त स्प्रिंग तुटली आहे.

विहिरीवरच्या किंवा ओढ्यावरच्या जुन्या, सावकाश फिरणाऱ्या उभ्या डिझेल पंपांपैकी अनेकांत व्हॉल्व्हला सील नसतेच. काही ट्रॅक्टरमध्ये सील फक्त इनलेटला असते. दुकानात जाण्याआधी कव्हर उघडून पाहा, म्हणजे जे मुळात नाही ते मागण्याची वेळ येणार नाही.

स्प्रिंग दाबण्याची हत्यारे

स्प्रिंगच्या डोक्यावर एक वाटी असते, मेकॅनिक तिला रिटेनर म्हणतात. वाटीच्या मध्यभागी दोन अर्धगोल कॉटर पाचरीसारखे व्हॉल्व्हच्या दांड्याच्या खाचेत बसलेले असतात. वाटी खाली दाबली की कॉटर मोकळे होतात. हत्याराने एवढेच करायचे असते: वाटी सरळ खाली दाबून धरायची आणि मधली जागा उघडी ठेवायची.

दुकानात सहज मिळतो तो सी आकाराचा क्लॅम्प. त्याचे एक टोक वाटीवर आणि दुसरे व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकते. व्हॉल्व्हचे तोंड सिलिंडरच्या आत असल्यामुळे हेड जागेवर असताना हा क्लॅम्प लावताच येत नाही. टिलरचे हेड टेबलावर घेऊन काम करायचे असेल तर मात्र हाच सर्वांत चांगला आणि स्वस्त. ट्रॅक्टरसाठी म्हणून हा घेऊ नका.

हेड जागेवर असताना दोन प्रकार कामाला येतात. पहिला तरफेचा. लांब दांडा, पुढे काटा किंवा खिडकी असलेली वाटी, आणि टेकू म्हणून रॉकरच्या स्टडवर अडकवायचा आकडा. दांडा खाली दाबला की स्प्रिंग दबते. काम भराभर होते, पण एक हात दांड्यावर अडकतो, म्हणून दुसरा माणूस लागतो. दांडा हलवायला वर मोकळी जागाही हवी. पुष्कळ ट्रॅक्टरमध्ये बॉनेटखाली इंजिनाच्या वरच डिझेलची टाकी असते. ती काढावी लागणार असेल तर तरफेने वाचलेला वेळ तिथेच खर्च होतो. विकत घेण्याआधी दांड्याच्या लांबीची काठी टॅपेट कव्हरच्या जागी धरून वरखाली हलवून पाहा.

दुसरा प्रकार पुलाचा. रॉकरच्या स्टडवर किंवा टॅपेट कव्हरच्या बोल्टवर एक जाड पट्टी आडवी बसवायची आणि तिच्यातून खाली येणाऱ्या स्क्रूने वाटी दाबायची. हे सावकाश होते, पण स्क्रू एकदा आवळला की स्प्रिंग दबलेलीच राहते आणि दोन्ही हात मोकळे होतात. वर जागा कमी असली तरी चालते. एकट्याने काम करणाऱ्याने आणि नव्याने शिकणाऱ्याने हाच घ्यावा. टॅपेट कव्हरचे बोल्ट बारीक असतात, ॲल्युमिनियममध्ये असले तर त्यांचे आटे ओढले जातात. म्हणून शक्यतो रॉकरच्या स्टडचाच आधार घ्यावा.

तिसरा एक प्रकार हल्ली ऑनलाइन फार दिसतो: आत चुंबक असलेले सॉकेटसारखे नळकांडे वाटीवर ठेवून हातोड्याने ठोकायचे, कॉटर उडून चुंबकाला चिकटतात. काढायला हे झटपट वाटते. पण व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकलेला असेल तर तो ठोका पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगपर्यंत जातो, आणि दांडा तिरका लागला तर वाकतो. बसवताना कॉटर खाचेत गेले की नाही हे दिसतही नाही. डिझेल इंजिनासाठी ते घेऊ नये. दोन स्क्रू ड्रायव्हरने वाटी दाबण्याची पद्धतही सोडून द्या. स्प्रिंग सटकली तर वाटी डोळ्यावर येते.

पुलाचे हत्यार लेथवाल्याकडून बनवूनही घेता येते. पेण, नागोठणे, कोलाड, रोहा या बाजारपेठांत हे काम करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे जाताना तोंडी वर्णन करत बसू नका, पुढची मापे कागदावर लिहून न्या:

- वाटीचा बाहेरचा व्यास आणि कॉटरभोवतीच्या मधल्या छिद्राचा व्यास, दोन्ही व्हर्निअरने. हत्याराची वाटी रिटेनरच्या कडेवर टेकली पाहिजे आणि आतून कॉटर पूर्ण मोकळे दिसले पाहिजेत.
- व्हॉल्व्हच्या मध्यापासून आधाराच्या स्टडच्या मध्यापर्यंतचे अंतर. इनलेट आणि एक्झॉस्टचे वेगळे असू शकते.
- स्टडचा आटा. जुन्या मॅसी फर्ग्युसनसारख्या इंग्लिश मापाच्या इंजिनात मिलिमीटरचा नट एक-दोन वेढे जातो आणि मग अडकतो. जबरदस्ती केली तर स्टड जातो. इंजिनाचाच एक नट नमुना म्हणून नेणे सर्वांत सोपे.
- हेडच्या पृष्ठभागापासून वाटीपर्यंतची उंची आणि वर किती जागा मोकळी आहे ते.

हत्याराच्या वाटीला बाजूने खिडकी किती मोठी ठेवायची हे लेथवाला विचारेलच. बारीक तोंडाची पक्कड किंवा चुंबकाची कांडी आडवी आत जाऊन फिरली पाहिजे. खिडकी लहान ठेवली तर कॉटर काढता येतात, पण परत बसवता येत नाहीत. या हत्याराबाबत ही तक्रार सर्रास येते.

व्हॉल्व्ह आत पडू नये म्हणून

स्प्रिंग काढली की व्हॉल्व्हला धरून ठेवणारे काही उरत नाही. उभ्या इंजिनात तो सिलिंडरमध्ये पडला तर हेड काढावेच लागते. त्यावर तीन उपाय आहेत.

डिझेल इंजिनाला पहिला उपाय पुरतो: पिस्टन टॉपवर ठेवणे. डिझेलमध्ये टॉपवर असलेला पिस्टन आणि हेड यांच्यात फार थोडी जागा उरते. त्यामुळे सुटलेला व्हॉल्व्ह काही मिलिमीटर खाली येऊन पिस्टनवर टेकतो, पुढे जाऊ शकत नाही. टिलरमध्ये फ्लायव्हीलवर टॉपची खूण असते. ट्रॅक्टरमध्ये खूण पुसली असेल तर पहिली स्प्रिंग सोडण्याआधी अंदाजे टॉप घ्या, मग मोकळा झालेला व्हॉल्व्ह बोटाने पिस्टनवर टेकवून क्रँक किंचित पुढेमागे फिरवा. दांडा सर्वांत जास्त वर येतो तो टॉप. डायल गेज असेल तर उत्तम, नसेल तर पट्टीनेही कळते. चार सिलिंडरमध्ये पहिला आणि चौथा एकदम टॉपवर येतात, नंतर अर्धा फेरा दिला की दुसरा आणि तिसरा. तीन सिलिंडरमध्ये प्रत्येकासाठी वेगळा टॉप घ्यावा लागतो. एका सिलिंडरचे काम पूर्ण होऊन कॉटर बसल्याशिवाय क्रँक फिरवू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधीच काढून ठेवा.

दुसरा उपाय हवेचा, म्हणजे तपासणीसाठी वापरलेल्या त्याच जोडातून. तो टाकाऊ नोझलच्या बॉडीपासून लेथवर बनवता येतो. मूळ क्लॅम्पनेच जागेवर बसतो, खाली तांब्याचा वॉशर तसाच लागतो. हवेने व्हॉल्व्ह सीटवर दाबून धरला जातो, वर-खाली होत नाही, म्हणून कॉटर बसवणे सोपे जाते. पण हवेची ताकद ओळखून असा. साधारण ९० मि.मी. व्यासाच्या पिस्टनवर १०० पौंड, म्हणजे ७ किलोच्या आसपास दाब दिला, तर पिस्टनवर सुमारे ४५० किलोचा जोर येतो. पिस्टन बरोबर टॉपवर नसेल तर इंजिन झटक्याने फिरते. क्रँकच्या नटवर पाना लावलेला राहिला असेल तर तो हात मोडतो. ट्रॅक्टर असेल तर चाकांना अटकाव लावा, हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका, पंखा आणि बेल्टपासून हात दूर ठेवा आणि हवा हळूहळू वाढवा. डिझेल इंजिनात पिस्टन टॉपवर असतोच, म्हणून कमी दाबानेही भागते. टायरमध्ये हवा भरायचा गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप इथे पुरत नाही. रिंगांमधून जाणारी हवासुद्धा तो भरून काढू शकत नाही. पंक्चरवाल्याचा टाकीवाला कॉम्प्रेसर लागतो. वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरची हवा कधीही वापरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि इंजिनातले तेल एकत्र आले की स्फोट होतो.

तिसरा उपाय दोरीचा, आणि तो पेट्रोल इंजिनासाठी. पेट्रोल वीडर, छोटे पंप यांत पिस्टनच्या वर जागा जास्त असते. पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून नायलॉनची मऊ दोरी आत सोडायची, शेवटचे टोक गाठ मारून बाहेर ठेवायचे आणि पिस्टन हाताने वर आणायचा. दोरी व्हॉल्व्हखाली दाबून बसते. या लहान इंजिनांपैकी अनेकांत कॉटर नसतात; वाटी बोटांनी दाबून बाजूला सरकवली की मोठ्या भोकातून दांडा सुटतो, म्हणजे हत्यारही लागत नाही. डिझेलमध्ये दोरी घालू नका. नोझलच्या टोकाचे भोक फार बारीक असते आणि तुटलेला धागा आत राहिला तर काढायला पुन्हा हेडच उघडावे लागते.

काम करताना

रॉकर काढण्याआधी पुशरॉडचा क्रम लिहून ठेवा आणि ते पुठ्ठ्यात टोचून ठेवा. पुशरॉडची छिद्रे आणि तेल परत जाण्याची भोके स्वच्छ कापडाने बंद करा, आणि किती तुकडे घातले ते मोजून ठेवा. कॉटर तेलपात्रात गेला तर दिवस जातो, हे अनुभवी मेकॅनिकही मान्य करतील.

हत्यार लावण्याआधी वाटीवर योग्य मापाचे पोकळ सॉकेट ठेवून लाकडी हातोड्याने हलकेच टिचकी मारा. वर्षानुवर्षे बसलेली पाचर त्याने सुटते. हे न करता स्क्रू आवळत राहिले तर वाटीबरोबर व्हॉल्व्हही खाली ढकलला जातो आणि लोकांना वाटते की हत्यार खराब आहे.

स्प्रिंग निघाल्यावर सील उपटण्याआधी व्हॉल्व्हचा दांडा बाजूला हलवून पाहा. खडखडीत हलत असेल तर गाईड झिजली आहे. अशा गाईडवर नवे सील फार दिवस टिकत नाही, दांडा हलून त्याची कड फाडतो. काम इथेच थांबवून हेड लेथवर नेण्याची तयारी करावी. हा निर्णय जड जातो, पण नवे सील बसवून महिन्याभरात पुन्हा उघडण्यापेक्षा परवडतो.

जुनी स्प्रिंग चांगली की वाईट, हे पाहायला महागडे यंत्र लागत नाही. जुनी आणि नवी स्प्रिंग मध्ये पत्र्याची चकती ठेवून एकाच रेषेत व्हाइसमध्ये धरा आणि आवळा. जी आधी दबते ती कमजोर. स्प्रिंग सपाट काचेवर उभी करून गुण्याने पाहा; वर तिरकी झाली असेल तर बदला. गंजाचे खड्डे पडलेली स्प्रिंग लांबीला बरोबर भरली तरी ठेवू नका, तुटण्याची सुरुवात त्याच खड्ड्यातून होते. एक तुटली तर सगळ्या बदलाव्यात का? खारेपाटातल्या यंत्रात होय, कारण सगळ्यांनी तोच ओलावा खाल्लेला असतो.

सील काढायला खास पक्कड मिळते, तिच्या जबड्यांना आतून खाचा असतात. तीन-चार सिलिंडरच्या इंजिनाचे काम वारंवार होणार असेल तर घ्यावी. साध्या पकडीने गाईडच्या तोंडावर ओरखडे येण्याची भीती असते. बसवताना मात्र पक्कड नको. सीलच्या पत्र्याच्या कडेवर बरोबर बसेल असे उंच सॉकेट किंवा लेथवर कापलेली नळी घ्या, रबराच्या ओठावर किंवा बारीक गोल स्प्रिंगवर दाब येता कामा नये. त्याआधी दांड्याच्या कॉटरच्या खाचेवर प्लॅस्टिकची टोपी किंवा सेलोटेपचा एक वेढा घाला आणि तेल लावा. खाचेची धार सीलचा ओठ कापते आणि मग नवे सील पहिल्याच दिवशी गळते. सील मागताना व्हायटनचे मागा. साध्या नायट्राइल रबरापेक्षा ते उष्णतेला जास्त टिकते, विशेषतः एक्झॉस्टच्या बाजूला. रंगावरून ओळखायला जाऊ नका, कंपनीनुसार रंग बदलतो.

कॉटर परत बसवताना आतून ग्रीस लावा, म्हणजे खाचेला चिकटून राहतात. झिजलेला एकच कॉटर न बदलता जोडी बदला. हत्यार सोडल्यावर चेहरा बाजूला ठेवून दांड्याच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोड्याने हलके ठोका. अर्धवट बसलेला कॉटर असेल तर तिथेच कळेल.

नोझल परत बसवताना तांब्याचा वॉशर नवा घाला, काढलेल्या डिझेल नळ्यांची तोंडे कामभर झाकलेली ठेवा आणि शेवटी हवा काढा. फवारा पाहण्यासाठी नोझलपुढे हात धरू नका. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते. मग प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपवर घेऊन फिलर गेजने टॅपेट सेट करा. गॅप मॅन्युअलमध्ये असेल तोच ठेवा, आणि तो थंड इंजिनाचा आहे की गरम हेही वाचा.

गटासाठी हत्यारे आणि उभ्या यंत्राची काळजी

एका शेतकऱ्याला ही हत्यारे काही वर्षांतून एकदा लागतील. एकट्याने घेण्यापेक्षा गावातल्या शेतकरी गटाने किंवा अवजारे बँकेने एक संच ठेवणे योग्य: नोझलच्या जागी बसणारा हवेचा जोड आणि दाबमापक, पुलाचे हत्यार दोन मापांच्या वाट्यांसह, टिलरसाठी सी क्लॅम्प, व्हर्निअर, फिलर गेज, चुंबकाची कांडी. गटात दोन-तीन वेगळ्या कंपन्यांचे ट्रॅक्टर असतील तर जोड प्रत्येकाच्या नोझलप्रमाणे वेगळा करावा लागेल, पूल मात्र पट्टीला लांबट खाच पाडून घेतली तर बहुतेकांना चालतो. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी गटाच्या वतीने किल्ला-रोहा येथील कृषी विज्ञान केंद्राकडे यंत्र दुरुस्तीच्या प्रात्यक्षिकाची मागणी एप्रिलच्या आत नोंदवावी. मेच्या शेवटी प्रत्येकाला स्वतःच्या यंत्राची घाई असते.

चिखलणी संपल्यावर यंत्र उभे करताना सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला आणि एअर क्लीनरचे तोंड झाका. महिन्यातून एकदा डीकॉम्प्रेशनचा खटका ओढून फ्लायव्हील हाताने काही फेरे फिरवा आणि शेवटी पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर सोडा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. जूनमध्ये पहिल्यांदा चालू करण्याआधी टॅपेट कव्हर काढून व्हॉल्व्हच्या दांड्यांवर तेल सोडा आणि रॉकर हाताने हलतात का ते पाहा. अडकलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवून हँडल मारले तर पहिल्या फेऱ्यातच पुशरॉड वाकतो. हँडल मारण्याआधी सायलेन्सरवरचा डबा काढायला विसरू नका.